गाडीची कापाकापी : खर्च कोणाचा आणि गुन्हा कोणाचा?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी त्यांना विचारले की, बाबांनो, या व्यासपीठावर इतिहासाचे नि वाङ्मयाचे जाणकार बोलून गेले. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे जे काही शिकलो ते रोलिंग मिलच्या रात्रपाळीत आणि वाचनालयाच्या बाकावर. मी काय बोलू? ते म्हणाले, "तुमच्या कामातले बोला." माझे काम म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर आणि गॅरेजमध्ये राबणारी पोरे यांची संघटना बांधणे. तेव्हा आज मी गाड्यांविषयी बोलणार आहे. ज्यांना गाडी नाही त्यांनी उठून जाऊ नये, कारण माझ्या मते हा विषय गाडीत बसणाऱ्यांचा अधिक आहे.

विषय सुचला तो एका पोराच्या प्रश्नावरून. भोकरदन नाक्याजवळच्या एका गॅरेजात तो डेंटिंगचे काम करतो. वय बावीस-तेवीस. हात असा की, चेपलेला दरवाजा ठोकून सरळ केला म्हणजे कोठे लागले होते ते मालकालाही सापडू नये. त्याने मोबाइलवर कोठल्याशा परदेशातले चित्र पाहिले. जुनी जपानी मोटार, तिला पुढून-मागून कापून, रुंद करून, एखाद्या इटालियन शर्यतीच्या गाडीचे रूप दिलेले. मला म्हणाला, "काका, जपानहून जुनी गाडी आणून आपण असे केले तर किती लागतील? अन् सरकार चालू देईल का?"

प्रश्न अगदी सरळ आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला आमच्याच संघटनेचा एक जुना कागद बाहेर काढावा लागला. त्याचे पुढे सांगतो. आधी जपानचे.

जपानात जुनी गाडी स्वस्त का? तेथे खासगी गाडीची सरकारी तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तिला ते 'शाकेन' म्हणतात. तपासणी काटेकोर, आणि तिच्याबरोबर भरायचा कर व विमा मिळून खर्च मोठा. म्हणून पुष्कळ लोक चांगली चालती गाडी विकून नवी घेतात. जपानही आपल्यासारखाच डाव्या बाजूने चालणारा देश, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे या जुन्या गाड्या जहाजात भरभरून श्रीलंका, पाकिस्तान, न्यूझीलंड, पूर्व आफ्रिका येथे जातात. मग भारतात का येत नाहीत, असे कोणीही विचारील.

येत नाहीत, कारण दार उघडताना सरकारने उंबरठा उंच ठेवला. २००१ साली जुन्या गाडीच्या आयातीला वाट मिळाली ती अशी : गाडी तयार होऊन तीन वर्षांहून जास्त काळ गेलेला नसावा, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि ती मुंबईच्याच बंदरात उतरावी. शिवाय सीमाशुल्क. २०१३ पासून पुढे बरीच वर्षे जुन्या गाडीवर मूळ शुल्कच १२५ टक्के होते. समजा, गाडी मुंबईच्या धक्क्यावर चार लाखांना पडली. तिच्यावर पाच लाख शुल्क. झाले नऊ लाख, आणि इतर कर अजून बाकीच. म्हणजे त्या पोराने चित्रात पाहिलेली वीस वर्षांची जुनी मोटार येथे येऊच शकत नाही. आणि जी येऊ शकते ती इतकी महाग की, तिला कापायला करवत लावणारा माणूस जालन्यात तरी मला भेटलेला नाही.

तेव्हा अख्खी जुनी जपानी गाडी आणून कापणे हा आपल्याकडे श्रीमंतांचासुद्धा धंदा झाला नाही. पण जपानी गाडी आपल्याकडे आली नाही असेही नाही. ती दुसऱ्या वाटेने आली. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या सैन्याच्या कारखान्यात निस्सानची 'जोंगा' बनू लागली. पुढे त्या लिलावात निघाल्या आणि हौशी लोकांनी घेतल्या. पेट्रोल पिण्यात जोंगा मोठी उदार, म्हणून कित्येकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवले. १९८३ च्या डिसेंबरात सुझुकीच्या बांधणीची मारुती ८०० आली. त्याच दशकात टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांच्या भागीदारीत हलके ट्रक निघाले. त्यांतल्या स्वराज माझदात तर या सभेतले निम्मे लोक कधी ना कधी बसले असतील. २००० साली टोयोटाची क्वालिस आली आणि २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली. मुंबईत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी या संस्थेने गाड्यांचे रूप बदलण्याचा मोठा व्यवसाय उभा केला, त्यात इनोव्हाच्या आत आरामखुर्च्या बसवून तिचा फिरता दिवाणखाना करणे हा एक प्रकार होता. म्हणजे आठ माणसांच्या गाडीत चार माणसे. आमच्या मराठवाड्यात मात्र आठ माणसांच्या गाडीत सोळा बसवायची कारागिरी चालली. कापाकापी दोन्हीकडे, हेतू मात्र उलटे.

खरी जपानी गाडी आणून तिची खरी कापाकापी पाहायची असेल तर केनियात जावे लागेल. मी गेलेलो नाही, वाचलेले सांगतो. तेथे टोयोटाची हायेस ही गाडी जपानहून माल वाहण्याची गाडी म्हणून यायची. नैरोबीतील गॅरेजवाले तिला खिडक्या कापायचे, बाके जोडायचे, भडक रंग द्यायचे, आणि ती 'मटाटू' म्हणून माणसे वाहू लागायची. गरीब माणसाला स्वस्त प्रवास मिळाला हे खरे. पण बाके किती असावीत याला धरबंध राहिला नाही आणि अपघात वाढले. शेवटी २००४ साली तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी, जॉन मिचुकी यांनी, चौदा प्रवाशांची मर्यादा, आसनपट्टे आणि वेग रोखणारे यंत्र सक्तीचे केले. त्यांचे नाव त्या नियमांना चिकटले ते चिकटलेच. हे वाचताना मला आपली काळी-पिवळी जीप दिसत होती. रंग तेवढा वेगळा.

आता खर्चाकडे येऊ. गाडीचे रूप बदलायचे म्हणजे काय काय लागते? डेंटर लागतो, वेल्डर लागतो, कुशनवाला, वायरमन आणि पेंटर लागतो. मालक दर ठरवतो तो बहुधा पत्र्याचा आणि रंगाचा. उरलेले सगळे 'आत बघून घेऊ' या खात्यात जाते. वायरिंगला जोड देताना जाड तारेऐवजी बारीक तार पडते ती याच खात्यातून. पावती मागितली तर मजुरीवर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणून पावतीच नको, हे दोन्ही बाजूंना सोयीचे पडते. त्या वेळी.

या हिशेबात एक रक्कम कधीच लिहिली जात नाही, आणि ती आमच्या पोरांच्या छातीत जमा होते. हल्लीचे चकचकीत दोन-भागी रंग हार्डनर मिसळून फवारतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते आणि त्याने दमा जडतो. ज्याला एकदा जडला त्याला पुढे थोडा वासही सोसत नाही. रंगाऱ्याच्या तोंडावर काय असते? रुमाल. रुमालाने धूळ अडते, हे द्रव्य अडत नाही; त्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मुखवटा लागतो. आणि राज्य विमा योजनेचा कायदा लागू व्हायला साधारणपणे दहा कामगार असावे लागतात. आमच्या गॅरेजात तीन असतात, त्यांतला एक मालकाचा भाचा.

आता गाडीच्या हाडांविषयी थोडे सांगतो, कारण याखेरीज कायदा समजणार नाही. जुनी जीप, जोंगा, क्वालिस, जुनी इनोव्हा या गाड्या बैलगाडीसारख्या. खाली दांड्यांची चौकट, म्हणजे चेसिस, आणि वर ठेवलेली साटी. साटी बदलली तरी चौकट भार सोसते. सोसते, पण कोठेही ठेवलेला भार सोसत नाही. मागच्या आसाच्या पलीकडे बाक वाढवले की शेपटीकडे वजन जाते, पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग हातात सैल लागते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. मारुती ८०० किंवा आजची स्विफ्ट यांचे तसे नाही. त्यांना वेगळी चौकटच नसते. पत्र्याचा डबा हाच सांगाडा. घरातली पत्र्याची ट्रंक घ्या. झाकण बंद असताना तिचा कोपरा दाबून पाहा, आणि झाकण काढून मग दाबून पाहा. झाकण काढलेली ट्रंक पिळवटते. गाडीचे छत कापून ती उघडी करणारा माणूस नेमके हेच करतो. गाडी उभी असते तोवर काही कळत नाही. ती उलटते तेव्हा कळते.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, कारखानदाराने मूळ जो तपशील दिला त्याच्याशी नोंदणीपुस्तकातील तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. 'बदल' म्हणजे काय तेही कलमातच सांगितले आहे : गाडीच्या बांधणीत असा फरक की, जिच्यामुळे तिचे मूळ स्वरूप पालटेल. गॅसचे मान्यताप्राप्त किट बसवायला वाट आहे. दिव्यांग माणसाला चालवता यावी म्हणून केलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीने वाट दिली आणि ते फार चांगले झाले. केरळातील एका खटल्यात तिथल्या राज्याच्या नियमांचा आधार घेऊन उच्च न्यायालयाने थोडी मोकळीक दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ती काढून घेतली आणि ५२ वे कलम राज्याच्या नियमांहून वरचढ आहे असे सांगितले. मारुतीची फेरारी करायला निघालेल्या माझ्या तरुण मित्राला त्या दिवशीच उत्तर मिळून गेले होते, त्याला ते कोणी कळवले नव्हते इतकेच.

आता तो जुना कागद.

२००६ सालची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक सभासद काळी-पिवळी चालवीत असे. मालकाने त्याला रोख पैसे देऊन गाडी गॅरेजला पाठवली : मागे बाक वाढव, पायरी रुंद कर, वर कॅरियर घाल. गॅरेजवाल्याने वहीतले पान फाडून चिठ्ठी केली. तिच्यावर नाव कोणाचे लिहिले? जो समोर उभा होता त्याचे. ड्रायव्हरचे. सहीही त्याची. चार महिन्यांनी वळणावर गाडी उलटली. एक म्हातारी गेली, पुष्कळांना लागले. विमा कंपनीने दाव्यात हरकत घेतली की, गाडीत नोंदीहून जास्त आसने आहेत आणि माणसेही जास्त होती. मालक न्यायालयात म्हणाला की, बाक मी सांगितलेच नव्हते, जास्त भाड्याच्या लोभाने ड्रायव्हरने परस्पर टाकले. आणि ती चिठ्ठी पुढे केली.

मी त्या ड्रायव्हरच्या बाजूने उभा राहिलो, राहायलाच हवे होते. पण एक गोष्ट मी वीस वर्षे सभेत सांगितलेली नाही, ती आज सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मालकांशी बोलणी करून ड्रायव्हरांना दर प्रवाशामागे भत्ता मी मिळवून दिला होता. महिन्याच्या पगारात वाढ मिळेना म्हणून ही तडजोड केली आणि विजयाची सभाही घेतली. जास्त माणसे, जास्त भत्ता. मागचे बाक ड्रायव्हरला नकोसे वाटणार नाही याची व्यवस्था मीच करून ठेवली होती. उलटतपासणीत मालकाच्या वकिलाने नेमका तो करार वाचून दाखवला. खाली माझी सही. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला मान वर करता आली नाही.

दाव्याचा निकाल लागायला वर्षे गेली. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे ठरले. म्हातारीच्या घरच्यांना पैसे मिळाले. ड्रायव्हरचा फौजदारी खटला वेगळा चालला, त्यातून तो सुटला. पण तोवर त्याने गाडी चालवणे सोडले होते. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. दर प्रवाशामागचा भत्ता आम्ही पुढच्या करारात काढून टाकला आणि त्याबद्दल काही सभासद माझ्यावर अजून रागावलेले आहेत. आज येथेही बसले असतील.

त्या खटल्यानंतर मी कायद्याचे पुस्तक विकत घेतले आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचले. आणि एका व्याख्येपाशी थबकलो. 'डीलर' म्हणजे कोण? तुम्ही म्हणाल, काचेच्या दुकानात नव्या गाड्या विकणारा. कायद्याच्या दुसऱ्या कलमात डीलर या शब्दात चेसिसवर बॉडी बांधणारा येतो आणि गाड्यांची दुरुस्ती करणाराही येतो. म्हणजे नाक्यावरचा, पत्र्याच्या शेडखाली बसलेला आमचा डेंटर कायद्याच्या भाषेत डीलर आहे! पूर्वी याने फारसे बिघडत नव्हते, कारण गैर बदल करणाऱ्या डीलरला दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. २०१९ च्या दुरुस्तीने १८२-अ हे नवे कलम आणले. गाडीची बांधणी, साधने आणि देखभाल यांविषयीच्या सातव्या प्रकरणातील तरतुदी मोडून डीलरने गाडीत बदल केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि नियमबाह्य बदल करवणाऱ्या मालकाला? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

कलम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठे कारखानदार होते, हे मला कळते. त्यांना एक लाख हा फार मोठा दंड नव्हे. पण त्याच ओळीत दिवसाला हजार रुपये मिळवण्यासाठी धडपडणारा माणूस उभा केला गेला. ज्याने बाक टाकायला सांगितले त्याला पाच हजार, ज्याने वेल्डिंग केले त्याला लाख. ही तफावत संघटनेने सरकारपुढे मांडली पाहिजे आणि आम्ही ती मांडणार आहोत.

पण त्याच कलमात एक परंतुकही आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. बदल करताना, हा बदल कायद्याशी कोठे विसंगत आहे हे आपण समोरच्याला आधी सांगितले होते, असे डीलरने सिद्ध केले तर त्याला दोषी धरता येत नाही. सांगितले होते! पण सिद्ध कशाने करणार? तोंडाने सांगितलेले साक्षीला उभे राहत नाही. कागद लागतो. एवढे सांगून झाले की काम खुशाल करा, असे मी म्हणत नाही. पाय मोडणारे काम करूच नये. पण नकार देतानाही कागद असला की मालकाची भीड चेपत नाही.

येथे कोणी म्हणेल की, संघटनावाल्याने कारागिराची बाजू घेतली, माणसे मरतात त्याचे काय? तेही बोलू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरला निघालेली शयनयान बस पेटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. साध्या गाडीची वातानुकूलित केलेली, अशी त्या बसविषयी बातमी होती, आणि तिच्या नोंदणीवरून परिवहन खात्यातील माणसे निलंबित झाली. आपल्या दाराशी काय घडले ते मला सांगायला नको. १ जुलै २०२३ ची पहाट, समृद्धी महामार्ग, सिंदखेडराजाजवळ. नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये पंचवीस माणसे जळाली. त्या बसची बॉडी गैर होती असे मी म्हणत नाही, तो आरोप माझा नाही. मी एवढेच पाहतो की, बस दरवाजाच्या कुशीवर पडली, दरवाजा जमिनीला चिकटला, आणि जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. बॉडीत दार कोठे असावे, खिडकी कशी उघडावी, कापड कसले लावावे, हे ठरवणारे नियम कोणी उगाच कागद काळे करायला लिहिलेले नसतात. त्यांची परीक्षा करणाऱ्या संस्था आपल्या जवळच आहेत : पुण्यात १९६६ साली निघालेली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. नव्या बांधणीची गाडी तेथे उलटवून, ठोकून पाहता येते. आमच्या नाक्यावर ती थेट प्रवाशांना घेऊनच उलटवून पाहतात.

थोडे विषयांतर करतो. आपण जेथे बसलो आहोत तो मस्तगड अठराव्या शतकातला, निजामाच्या आसफजाही अमलातला. गढी म्हणून बांधला, आणि पुढे येथे नगरपालिकेची कचेरी भरू लागली. म्हणजे बॉडी बदलण्याचा नाद या गावाला जुना आहे! पण या गढीच्या भिंतीला हात लावायचा तर दहा कागद लागतात, आणि चाळीस माणसे घेऊन रात्रभर धावणाऱ्या गाडीला एका फाटक्या चिठ्ठीवर कापतात.

त्या पोराला मी काय उत्तर दिले ते सांगून थांबतो. म्हणालो, जपानची गाडी विसर, ती तुझ्या करवतीपर्यंत पोचत नाही. पण दिव्यांगांसाठी गाडीत हाताने चालवायचे ब्रेक-क्लच बसवण्याचे काम शीक. त्याला कायद्याने वाट आहे, मागणी आहे, आणि परवानगीचा अर्ज कसा करायचा तो आपण दोघे बसून पाहू. त्याचे तोंड जरा उतरले. इटालियन मोटारीची सर याला कोठली! पण परवा आला आणि विचारत होता की, क्लचची तार कोणत्या मापाची घेतात.

दाराजवळच्या टेबलावर संघटनेने छापलेली चिठ्ठी-पुस्तके ठेवली आहेत. एका पानावर गाडीचा नंबर, आरसी बुकावरचे मालकाचे नाव, काम काय सांगितले, ते कायद्यात बसते की नाही, आणि खाली मालकाची सही. ड्रायव्हरची सही घ्यायला जागाच ठेवलेली नाही. गॅरेजवाल्यांनी जाताना एकेक घेऊन जावे. छपाईचे दहा रुपये टाकले तर बरे, नाही टाकले तरी पुस्तक न्यावे. आणि कोणाला काही विचारायचे असेल तर अध्यक्षांची परवानगी असल्यास मी अजून पंधरा मिनिटे येथेच आहे.